वाजतंय तोवर

(सुधारगृहातली सुपरवायझर बाईंची खोली. पोरांची दुपारची जेवणं उरकली आहेत. बाहेर पोरांच्या खोल्यांच्या गल्लीत एक दार आतून बडवलं जातंय. खोलीतल्या दोघांचंही तिकडे लक्ष नाही.)

बाई: चाव्या तिथं ठेव आणि बस. असा ताटकळत उभा राहिलास की मला वाटतं, चौकशी माझीच आहे.

कंडक्टर: ठेवल्या. बघून घ्या, सगळ्या आहेत का.

बाई: बघायचंय काय त्यात, तू काय लोणचं घालणार आहेस त्यांचं? जेवलास का?

कंडक्टर: जेवलो. पोटभर जेवलो.

बाई: बरं केलंस. आता ऐक. चौकशीचे साहेब निघालेत, येतीलच इतक्यात. आधी माझ्याशी बोलतील, मग तुला बोलावतील. त्याआधी परवाचं सगळं मला एकदा सांग. पोपटासारखं नको, नीट आठवून सांग.

कंडक्टर: आठवायला मी विसरलोय कुठं. परवा याच वेळेला पोरं जेवून टीव्हीच्या हॉलमध्ये गेली. शिट्टीनं सकाळी ताट फेकलं होतं, म्हणून त्याला एकट्याला खोलीत बंद केलेलं. मी गल्लीच्या टोकाला, आपल्या खुर्चीत. थोड्या वेळानं तो दार बडवायला लागला. मी बसून राहिलो.

बाई: साहेबांसमोर शिट्टी म्हणू नकोस. नाव घे पोराचं.

कंडक्टर: घेईन. छाती वाजते म्हणून पोरं शिट्टी म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलं. मला नाही का सगळे कंडक्टर म्हणत.

बाई: तू होतास कंडक्टर. जेवणाच्या रांगेत अजून ‘पुढे चला, पुढे चला’ करतोस, मग काय म्हणतील? बरं, टीव्ही चालू होता?

कंडक्टर: होता.

बाई: मोठ्यानं?

कंडक्टर: नेहमीसारखा.

बाई: नेहमीसारखा म्हणजे कान किटतील एवढा. त्यात मॅच होती. मी खाली कोठीत धान्य बघत होते, मला तिथंसुद्धा पोरांचा आरडाओरडा येत होता. मग तुला दार कसं ऐकू जाईल? जायचंच नाही. मी साहेबांना हेच सांगणार आहे. गोंगाट होता, ऐकू आलं नाही, लक्षात आल्याबरोबर हा धावला आणि पोराला यानंच वाचवलं. ताकीद देतील, थोडे दिवस गेटवर बसवतील, विषय मिटला.

कंडक्टर: मला ऐकू येत होतं, बाई.

बाई: काय येत होतं ते मी विचारलं नाही. काय बोलायचं ते सांगतेय.

कंडक्टर: पहिल्या ठोक्यापासून येत होतं. भरल्या गाडीत मी पुढच्या दारात असलो, तरी मागच्या सीटवरचं बोलणं मला कळायचं. टीव्हीचं काय घेऊन बसलात.

बाई: मग साहेब विचारतील, ऐकू येत होतं तर उठला का नाहीस. तेव्हा काय करशील?

कंडक्टर: सांगेन की. वाजत होतं म्हणून उठलो नाही.

बाई: हं.

कंडक्टर: तुम्हीच नाही का शिकवलंत? मी नवीन होतो, प्रत्येक ठोक्याला उठून पळायचो. एकाला पाणी पाहिजे, एकाला आई पाहिजे, एकाला नुसतं बघायचं असायचं की हा वेडा येतो का. संध्याकाळी माझे पाय सुजले होते. तुम्ही या खोलीत बसून हसलात. म्हणालात, अरे, बडवणारं पोर जिवंत असतं. वाजतंय तोवर बस. थांबलं की धाव.

बाई: म्हणाले असेन. सगळ्यांनाच म्हणते. आणि त्यात खोटं काही नाही. ज्या दोन पोरांना मी या हातांनी गळफासातून खाली उतरवलं, त्यांच्या खोलीतून सकाळपासून आवाज नव्हता. दोघं वाचली ती मी गप्पपणा ऐकला म्हणून. तू तेव्हा इथं नव्हतास.

कंडक्टर: मी कुठं खोटं म्हणतोय? मी तसंच केलं. थांबल्याबरोबर धावलो, खुर्ची मागं उलटली. दार उघडलं तर तो खाली पडलेला, ओठ काळेनिळे. दम्याचा पंप आणला, त्याच्या तोंडात धरून दाबला, उचलला, जिन्यानं खाली आणला. पुढचं तुम्ही बघितलंत.

बाई: बघितलं. पंप त्याच्याजवळ का नव्हता, हेही विचारतील.

कंडक्टर: औषध पोरांच्या हातात द्यायचं नाही, आपला नियम आहे. माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होता. माझी पाठ टेकलेली होती त्या कपाटाला.

बाई: एवढं खोलात जायची गरज नाही. विचारलं तेवढंच बोल. कोण, दरवान? ये रे, दारात काय घुटमळतोस? काय झालं?

दरवान: हॉस्पिटलातून फोन होता, बाई. सोबत बसलेल्या आपल्या माळ्यानं केला होता. पोरगं उठून बसलं म्हणतो. नाकातली नळी काढली. दूध मागून घेतलं.

बाई: देव पावला. ऐकलंस का रे?

कंडक्टर: ऐकलं.

दरवान: बोलायला लागलंय. पण माळी म्हणतो, एकच एक धरून बसलंय. कंडक्टर सरांनी मला हात केला, असं म्हणतंय.

बाई: कसला हात?

दरवान: ते काय त्याला उमजलं नाही. सरांनी हात केला, मला वाटलं निघालेच, असं सारखं म्हणतंय. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, नर्सबाईंनाही तेच. भ्रमात असेल म्हणा.

बाई: असेल. तू गेटवर जा. साहेबांची गाडी दिसली की आधी मला सांग, मग फाटक उघड.

दरवान: हो. आणि तो कालचा नवा केव्हाचा बडवतोय.

बाई: बडवणारच, नवा आहे. थकेल. जा तू.

दरवान: थकेल, थकेल. जातो.

बाई: दार लोटून घे रे. हां. आता बोल, कसला हात केलास?

कंडक्टर: सांगणारच होतो तुम्हाला. त्यानं दाराच्या काचेला तोंड लावलं होतं. मी वर बघितलं, आमची नजर भिडली. मी हात वर केला. असा. गाडी भरली की खाली उभ्या असलेल्या लोकांना करायचो ना, तसा. थांबा, मागची येतेय.

बाई: मग?

कंडक्टर: मग परत खाली बघायला लागलो. नखं कापत होतो.

बाई: अरे देवा.

कंडक्टर: त्याचा चेहरा अजून दिसतोय मला. तोंड उघडं, मान ताठ. मला कळलं होतं की तो ओरडत नाहीये. नेहमी बडवताना शिव्या देतो, त्या दिवशी एक शिवी नाही. हे सगळं दिसलं. पण आत कुठं पोचलंच नाही. दिसलं आणि तसंच बाहेर गेलं.

बाई: हे साहेबांपुढं काढायचं नाही. माझी शपथ आहे तुला.

कंडक्टर: पोरगं सांगतंयच की.

बाई: पोराचं कोण धरून बसतंय? दरवानानं काय म्हटलं ऐकलंस ना, भ्रमात असेल. साहेबही तेच म्हणतील. जीव घुसमटलेला, काहीबाही दिसलं असेल. इथल्या पोरांच्या शब्दावर आजवर कुणाची नोकरी गेलेली मी बघितली नाही.

कंडक्टर: म्हणूनच मला सांगायचंय. तो खरं बोलतोय आणि मी गप्प बसलो, तर तो जन्मभर तेच सांगत फिरेल आणि सगळे त्याला भ्रम म्हणतील.

बाई: फार कळवळा आला.

कंडक्टर: नाही आला. तीच तर गोष्ट आहे, बाई. काहीच येत नाही. परवा घरी गेलो, जेवलो, झोपलो. गाढ झोपलो. बायको रडत होती, त्या पोराची आई कुठं असेल म्हणून विचारत होती. मी तिला म्हटलं, मीठ जरा कमी आहे.

बाई: होतं तसं. धक्का बसला की माणूस असाच वागतो. चार दिवसांनी एकदम उमळून येतं.

कंडक्टर: परवाचं नाही हे. खूप आधीपासूनचं आहे. आमची लेक रांगायला लागलीय, तुम्ही बारशाला आला होतात. ती रडते, मला ऐकू येतं, मी बसून राहतो. बायको म्हणायची, बहिरा झालास का. आता म्हणत नाही. तिनं एक ओळखलंय. लेक रडायची थांबली की मी ताडकन उठतो. पाळण्याशी जातो, नाकाशी बोट धरून बघतो. झोपलेल्या पोरीला हलवून जागं करतो. मग ती रडते. मग मी जाऊन बसतो.

बाई: बायको काय म्हणते?

कंडक्टर: माहेरी जाते म्हणाली. पोरीला घेऊन. भांडून नाही, शांतपणे म्हणाली. मला काही वाटलं नाही म्हणून मी काही बोललो नाही. हे बरं नाही, एवढं मला कळतं. पण कळतं नुसतं.

बाई: अशानं नोकरीही घालवून बसशील, मग तर जाईलच ती. अरे, टीव्ही मोठा होता, एवढं एक वाक्य बोलायचं. त्यात तुझं काय जातं?

कंडक्टर: गेटवर बसलो तरी पुन्हा याच गल्लीत आणाल मला. माणसं कुठं आहेत तुमच्याकडे? मी परत त्याच खुर्चीत बसेन. आणि मला त्याची काही भीती वाटत नाहीये, बाई. वाटायला पाहिजे ना?

बाई: बरं. सांग मग. ऐकू येत होतं, दिसलं, हात केला, सगळं सांग. पुढचा प्रश्न येईल, हे कुणी शिकवलं.

कंडक्टर: तुमचं नाव नाही घेणार. जुन्या लोकांकडून ऐकलं म्हणेन.

बाई: उपकार नकोत तुझे. घे माझं नाव. पण साहेबांना हेही विचार, की मग उद्या नवीन माणूस आला की मी त्याला काय शिकवू. एवढ्या खोल्या आणि एका वेळेला दोन माणसं. उठ म्हणू प्रत्येक ठोक्याला? मी उठायचे. तुला काय वाटतं, मी अशीच आले इथं? वर्षभर उठले. घरी गेले की वरण लावायचं त्राण नसायचं अंगात, नवऱ्यानं कपाळाला हात लावला की अंगावर काटा यायचा. एक दिवस बसून राहिले. काही झालं नाही. पोर थकलं, झोपलं. दुसऱ्या दिवशीही बसले. त्या दिवसापासून नोकरी जमायला लागली मला.

कंडक्टर: आणि आता?

बाई: आता काय? धाकटी बहीण गेली तेव्हा सगळी रडत होती आणि मी चपला कुणाच्या कुठं आहेत ते बघत होते. नीट लावून ठेवल्या सगळ्यांच्या. लोक म्हणाले, केवढी खंबीर. तुला म्हणून सांगतेय, बाहेर बोलू नकोस.

कंडक्टर: नाही बोलणार.

बाई: पाणी हवं का?

कंडक्टर: नको. बाई, हा नवा खूपच वेळ बडवतोय.

बाई: अजून वाजतंय ना.

कंडक्टर: हो, वाजतंय.

बाई: मग? उठलास का? साहेब येतील आता, बस.

कंडक्टर: बघून येतो.

बाई: चाव्या माझ्याकडे आहेत. तुला दार उघडता यायचं नाही, तुझा हक्क नाही आता.

कंडक्टर: उघडत नाही. काचेतून विचारतो काय पाहिजे ते.

बाई: त्याला काहीही नको असेल रे. नवीन पोरं उगीच बडवतात, तुला माहीत आहे. ऐकतोयस का? जा बाबा, जा. तुला कोण अडवणार.

दरवान: बाई, साहेबांची गाडी कोपऱ्यावर आलीय. कंडक्टर कुठं निघालेत? मला वाटलं, काढलं त्यांना.

बाई: कुणी काढलं नाही. येतोय तो. तू फाटक उघड, आणि साहेबांना खुर्ची दे, मी आलेच म्हणावं.

दरवान: बडवणं थांबलं वाटतं.

बाई: हो, थांबलं. जा तू. हां, कंडक्टर, आलास? बघितलंस? काय हवं होतं त्याला?

कंडक्टर: काही नाही. किती वाजले विचारत होता.

बाई: एवढ्यासाठी?

कंडक्टर: खोलीत घड्याळ नाही ना. दिवस कळत नाही म्हणाला.

बाई: सांगितलेस?

कंडक्टर: सांगितले. मग म्हणाला, परत वाजवलं तर याल का.

बाई: काय म्हणालास?

कंडक्टर: म्हटलं, मी उद्यापासून नाही. बाई येतील.