डाव्या डोळ्याला दिसलेली भिंत

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक नवराबायको बोलत होते. नवरा गिरणीत कापूस पारखणारा. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काल काढलेला, पट्टी आत्ताच निघालेली.

"अगं, ही भिंत पांढरी आहे?"

"मग काय हिरवी?"

"उजव्यानं बघितली तर पिवळट दिसते. डाव्यानं शुभ्र."

"त्या उजव्याच्या ऑपरेशनचाही नंबर लावू पुढच्या महिन्यात."

"तसं नव्हे गं. वर्षभर मी चांगला कापूस पिवळा म्हणून परत पाठवलाय."

"आणि गिरणीच्या लॅबमधली ती कापूस तपासणारी मुलगी?"

"ती सांगत होती. काका, धाग्याची लांबी बसतेय, ताकद बसतेय, रंगही मशीन पांढराच दाखवतंय. मी म्हटलं, मशीनला काय अक्कल!"

"एवढंच म्हणालात?"

"साहेबांना सांगून तिला गोदामात पाठवली."

"अहो!"

"तीस वर्षं गिरणीत माझा शब्द चालतो. साहेबांनी ऐकलं."

"मग आता?"

"फोन लाव."

"तिला?"

"साहेबांना. तिला आधी लावला तर ती माफ करून मोकळी होईल, आणि राहील गोदामातच."