नव्या मिठाची रोवळी

(शिरोड्याच्या मिठागराजवळचं घर. साल १९५७, आषाढ चार दिवसांवर आलेला. पडवीत यमुनाबाई, तिचा नवरा आबा आणि कणकवलीहून आलेली नवी सून हिरा. मुलगा लवू मुंबईला गिरणीत.)

यमुनाबाई : चाखा ओ, चाखा. तोंड कित्या फिरवतास? सुनेन खारवलेलो बांगडो आसा, प्रसादासारखो घेवा.

आबा : एकदा चाखलंय गो. ता बस झाला. जीभ अजून वळणा नाय.

हिरा : आबा, खरंच एवढा कडू झालाय?

आबा : कडू? छे गो बाय. कारल्यान येवन शिकून जावक व्हया, इतकोच.

यमुनाबाई : शेजारच्या हौसाबाईन सकाळीच परत धाडल्यान. म्हणता, "यमुने, ह्यो बांगडो काय औषध म्हणान इकलंस?" मी लगीन होवन ह्या वाडीत इलंय तवापासून माझो बांगडो कोणी परत धाडूक नव्हतो.

हिरा : पण आई, मी सगळं नीट केलं हो. पोटं साफ केली, समुद्राच्या पाण्यात धुतले. मीठही तुम्ही सांगितलं तेवढंच घातलं.

यमुनाबाई : खंयचा मीठ घातलंस?

हिरा : मागच्या खोलीतलं. आबांनी आगरातून आणलेलं, नवं. पांढरंशुभ्र.

यमुनाबाई : आणि कोनातल्या मडक्यातला जुना? माडाइतकी उंच तू, पायांकडचा मडक्या तुका कसा दिसतला म्हणा!

हिरा : दिसलं होतं. पण ते काळपट, गेल्या वर्षीचं. घरात पहिल्यांदाच तुम्ही माझ्या हातात एवढं मोठं काम दिलंत. म्हटलं, आबा डोक्यावरून वाहून आणतात, त्यातलं चांगलं तेच घालूया.

यमुनाबाई : ऐकलास? चांगला म्हणान घातल्यान.

आबा : मीठ चांगलाच आसा. माझ्या मिठाक नाव ठेवचा नाय.

यमुनाबाई : चांगला! अंगभर कडू भरलेला! गो हिरा, नवा मीठ माशाक लावणत नाय. आंब्याक पण नाय. नव्या मिठात आगराचा कडू पाणी रवता. तेका रोवळीत घालून टांगायचा आणि एक पावसाळो जावक देवचो. पावसाची हवा लागली की कडू थेंब थेंब गळान जाता. मगे उरता ता खरा मीठ. तुमच्या कणकवलेक काय, बाजारातसून पुडी हाडली की झाला.

हिरा : ते कडू पाणी म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड.

यमुनाबाई : कोण?

हिरा : मॅग्नेशियम क्लोराइड. ह्यांनी सांगितलं मला. ह्यांच्या गिरणीत येतं ना ते. सुताला खळ देतात, त्या खळीत घालतात. ते हवेतली ओल ओढून धरतं, म्हणून सूत कडक होत नाही आणि मागावर तुटत नाही.

यमुनाबाई : लवून तुका ह्या कधी सांगल्यान?

हिरा : लग्नानंतर. रजेवर होते तेव्हा.

यमुनाबाई : अगो बाय माझ्या! ऐका ओ, तुमच्या झिलाची गजाल! नवी बाईल बाजूक बसलेली, आणि हो सुताची खळ सांगत बसलो!

आबा : मगे काय सांगतलो? बापाचो गुण. मी पण तुका पयल्या दिसांत कडू पाण्याचीच गजाल सांगललंय.

यमुनाबाई : सांगललास नाय, पाजललास! पोट दुखता म्हटलंय, तर वाटी भरून हातात दिलास. दिवसभर मी परसातल्या माडाआडसून हललंय नाय. नवी नवरी खंय गेली म्हणान सगळी वाडी इचारी होती!

आबा : पण पोट साफ झाला की नाय?

यमुनाबाई : हसतंस काय गो, उंटा? तुका पण पाजतले एक दिवस.

आबा : हसांदे तिका. हिरा, मी सांगतंय ऐक. लोकांक मीठ दिसता, कडू पाणी कोणाक दिसणा नाय. व्यापारी पिंपां भरून मुंबयक न्हेतत. थंय हापिसांत गुळगुळीत जमीन करतत, तेतूर तेचो खप. मी हंय उन्हात काढतंय, आणि थंय माझो झील तेच सुताक पाजता. आणि परसातलो माड? पिवळो पडललो, ही तोडूक निघालली. मी पाण्यात मिसळून बुडात थोडा थोडा घातलंय. आता झावळो बघ तेचे.

यमुनाबाई : माडाक तेच, गिरणीक तेच, माझ्या पायांच्या भेगांक तेच. आता तेचो देव करून देवळीत बसवा.

हिरा : पण आई, पायांना बरं वाटतं ना? काल गरम पाण्यात घालून दिलं, तर तुम्ही बसल्या बसल्या झोपलात.

यमुनाबाई : झोपाक नाय. डोळे मिटून इचार करी होतंय.

आबा : घोरान इचार करी होती.

यमुनाबाई : तुमी गप रवा. हिरा, उद्या तुझो बापूस येतलो आखाडाक न्हेवक. ट्रंक भरलंस?

हिरा : भरली.

यमुनाबाई : सकाळी झाडताना सरकवलंय. कसली जड गो ती! किल्ली लागललीच होती, उघडून बघलंय आणि किल्ली माझ्याकडे ठेवलंय. आखाडाचो एक म्हयनो जातंस, आणि चवथीचा हिरवा लुगडा कित्याक भरलंस? लग्नातलो आरसो पण भिंतीर दिसणा नाय.

हिरा : नवी सून आखाडात सासूचं तोंड बघत नाही म्हणतात. मला वाटलं, तुम्हालाच माझं तोंड पुढेही बघायला नको असेल.

यमुनाबाई : ह्या कोणी सांगल्यान तुका?

हिरा : कोणी कशाला सांगायला हवं? विहिरीवर ऐकलं मी. कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, तिला मासा काय कळणार, म्हणत होत्या. खरंच आहे ते. पावसाभर घरात खायचे, बाजारात विकायचे, सगळे बांगडे मी घालवले. तुमचं नाव घालवलं. मला फार लाज वाटते, आई. मी तिकडेच राहिले तर इथे कोणाचं काय अडणार आहे?

आबा : गो बाय माझे, असा काय बोलतंस...

यमुनाबाई : तुमी बोला नको. आधी मी. हिरा, डोळे पूस. बांगडे खंय गेले नाय, मडक्यातच आसत. जुन्या मिठाचो घट्ट खार करूचो, तेतूर हे दोनदा धुवचे आणि परत जुना मीठ लावन दाबून ठेवचे. कडू उतारता. आज दोघी मिळान बसूया. माझो एकटीचो हात आता चलणा नाय.

हिरा : आणि हौसाबाई?

यमुनाबाई : तिका मी सांगतंय, औषधच होता, तुझ्या जिभेर.

आबा : थांबा, थांबा. असा काम सुरू करूचा नाय, आधी गाऱ्हाणा घालूक व्हया. बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या घरची सून उद्या म्हायेराक जावक निघाली हा, ती आखाड सरल्यार सुखरूप परत येवंदे रे म्हाराजा!

यमुनाबाई : व्हय म्हाराजा!

आबा : आणि तिच्या सासूची जीभ जरा गोड होवंदे रे म्हाराजा!

हिरा : व्हय म्हाराजा!

यमुनाबाई : गो! कचेरीची भाषा बोलणारी तू, आणि नेमक्या हंयच "व्हय" म्हणूक शिकलंस?

हिरा : चुकून आलं तोंडात.

यमुनाबाई : चुकान नाय, ह्या म्हाताऱ्यान शिकवल्यान. चल, आता ऊठ. उरलेला नवा मीठ रोवळीत भर. वरच्या वाश्याची खुंटी आसा ना, चुलीच्या बाजूची, थंय टांग. खाली वाडगो ठेव, कडू पाणी ह्यांका लागतला.

आबा : माडाक लागतला.

यमुनाबाई : तेच ता.

हिरा : टांगली. आता काढायची कधी?

यमुनाबाई : चवथीक. तवसर सगळा कडू गळान जाता.

आबा : मी काढीन गो. पाटार चढान...

यमुनाबाई : कमार धरून बसतलास, आणि मी नारळाचा तेल चोळीत रवतलंय! थंय माझो हात पोचणा नाय, तुमचो पोचणा नाय. लवू इलो तरी तेचो पण नाय. ह्या घरात थंयसर एकाच माणसाचो हात पोचता.

हिरा : आई...

यमुनाबाई : काय गो?

हिरा : ट्रंकेची किल्ली द्या जरा. हिरवं लुगडं इथेच ठेवते.