झाडांच्या खोलीचा फ्यूज

पुरवणी जबाब. दिनांक २८ एप्रिल १९६४, मंगळवार. सकाळी साडेअकरा.

नाव कमलाकर यज्ञेश्वर पांढरीपांडे, वय ५९ वर्षे, धंदा सेवानिवृत्त, पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक, राहणार यवतमाळ.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील ठिकाणी मी व माझी पत्नी कुंदा असे दोघेच राहतो. काल सोमवारी दुपारी तीन वाजता मी याच ठाण्यात फिर्याद दिली. शेख अय्यूब शेख गफ्फार, वय ३४, धंदा वायरमन, याने आकसाने माझ्या घरचा फ्यूज काढून नेला व त्यामुळे माझी झाडे मेली, असे मी तीत लिहून दिले. ते खरे नाही. कालपासून अय्यूब येथे बसून आहे. त्याला घरी जाऊ द्यावे, यासाठी हा जबाब देत आहे.

झाडे माझ्या घरात मधल्या खोलीत आहेत. त्या खोलीला खिडकी नाही. पूर्वी तिथे धान्याची पोती असत. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्रावणकोरकडून रेल्वे पार्सलने काही रोपे पाठवली. मिरीचे वेल, अँथुरियम, दोन आमरी म्हणजे ऑर्किड, अशा एकूण अकरा कुंड्या झाल्या. ही दमट मुलखातली झाडे. आपल्याकडच्या उन्हात ती आठ दिवस टिकत नाहीत, म्हणून ती आत ठेवली. वर दोन ट्यूबलाइट लावल्या, एक पंखा ठेवला व भिंतींना ओली गोणपाटे टांगली. काल जमादारांनी फिर्यादीत 'शोभेच्या कुंड्या' असे लिहिले होते. ते मी भांडून दुरुस्त करून घेतले. आता त्याचे काही वाटत नाही.

हे सर्व काम अय्यूबने केले. ट्यूब व पंखा एकाच फ्यूजवर आहेत. त्यांना बटण नाही. बटण असले की कोणीतरी बंद करते, म्हणून ते ठेवू नको असे मीच त्याला सांगितले होते. दोन ट्यूबचा उजेड अपुरा पडतो, तर वेळ वाढवावा, असा माझा विचार होता. फेब्रुवारीपासून त्या खोलीत रात्रंदिवस उजेड चालू होता. मीटरचा फळा ओसरीत आहे. तिथपर्यंत कोणीही येऊ शकतो.

गुरुवार दिनांक २३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास अय्यूब एका ट्यूबचा चोक बदलायला आला. काम झाल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, चोवीस तास दिवा नोका ठेवू. झाडाले बी रात लागते. आमच्या घरी सांजच्या मगरिबच्या नमाजानंतर कोनी झाडाचं पान तोडत नाही." मी त्याला म्हटले, तू वायर बघ, झाडांचे मला शिकवू नको. तो म्हणाला, "पाहा बाप्पा. उजेडात मरतील तुमची झाडं." एवढे बोलून तो निघून गेला. काल फिर्यादीत मी हे वाक्य धमकी म्हणून लिहून दिले. 'उजेडात' हा शब्द मी सांगितला नाही. तो विसरलो नव्हतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी डोळे तपासायला नागपूरला गेलो. सोमवारी दुपारी एक वाजता परत आलो तर दाराला कुलूप होते. पत्नीची बहीण पांढरकवड्याला असते, ती पडून तिचा पाय मोडल्याने पत्नी रविवारी तिकडे गेली, असे शेजारी कळले. किल्ली शेजारी ठेवली होती. कुलूप काढून आत गेलो. मधल्या खोलीत अंधार होता. पंखा बंद, गोणपाटे कोरडी ठक्क, आणि आतली हवा भट्टीसारखी. फळ्यावर फ्यूजची जागा रिकामी होती. अकरापैकी आठ कुंड्या गेल्या. मिरीची पाने हाताला लागताच चुरत होती. मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. दोन वर्षे मी कुठल्या लग्नाला गेलो नाही, कोणाकडे राहायला गेलो नाही. मला फार राग आला. फ्यूज कुठला हे अय्यूबशिवाय कोणाला ठाऊक, एवढाच विचार केला आणि पाणीसुद्धा न पिता ठाण्यात आलो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असे माझ्या हातून झाले.

अय्यूबला पाचच्या सुमारास आणले, असे नंतर समजले. सहा वाजता त्याची आई अमिनाबी माझ्या दारात आली. पायरीखाली उभी राहून ती म्हणाली, "मास्तर, त्याचा डबा ठाण्यात नेला तं चालते का? मले तिथचं काही माहीत नाही." मी चालते म्हणालो. मी दार लावून घेतले. त्याची मला लाज वाटते.

आज सकाळी नऊ वाजता पत्नी पांढरकवड्याहून एस.टी.ने आली. मी तिला सर्व सांगितले. ती ओट्यावर खाली बसली व म्हणाली, "फ्यूज मी काढला." शनिवारी दिवेलागणीला तिने तो काढून देवाजवळच्या देवळीत ठेवला होता. रविवारी उजाडता परत लावणार होती. पण सहा वाजताच बहिणीचा निरोप आला व पहिली गाडी गाठायच्या घाईत राहून गेले. का काढला, असे मी विचारले. ती म्हणाली, "आपण दिवे लागल्यावर तुळशीचं पान तोडत नाही, झाड झोपलं म्हणतो. या बिचाऱ्यांना तीन महिने झोप नाही. तुम्हाला सांगून काय झालं असतं? तुम्ही घरात नव्हते, म्हटलं एक रात्र तरी मिळू द्या." पंखाही त्याच फ्यूजवर आहे हे तिला माहीत नव्हते. ते मी तिला कधी सांगितले नव्हते. कोणता फ्यूज काढायचा हे तिने गुरुवारी अय्यूबला जाता जाता ओसरीत विचारले होते. त्याने बोट दाखवले होते.

म्हणजे काढणारी कोण हे अय्यूबला काल पहिल्या प्रश्नालाच कळले असणार.

सदर फ्यूज आज मी ठाण्यात हजर केला आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. झाडांबद्दलही नाही. पत्नीचे नाव जबाबात घालायचे की नाही असे जमादारांनी मला विचारले. घालावे, असे तिचेच म्हणणे आहे. ती बाहेर बाकावर अमिनाबीजवळ बसली आहे.

जबाब चालू असताना ठाणेदारसाहेबांनी अय्यूबला माझ्यासमोर बोलावले. त्याचा शर्ट कालचाच होता. हे ठाऊक असून रात्रभर तोंड का उघडले नाही, असे साहेबांनी विचारले. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, कालपासून सारे मले एकच विचारून राह्यले, काहून काढला. कोनी काढला हे कोनी विचारलंच नाही."

मीही विचारले नव्हते.

हा जबाब जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे, त्यात काही कमी-जास्त करायचे नाही. खाली सही करतो.

(सही) क. य. पांढरीपांडे