शेवंतीचा वाटा

आमचे डॉक्टर कुणाचं ऐकायचे नाहीत, पण एका सात वर्षांच्या पोरीनं त्यांना गप्प केलेलं मी बघितलंय. मी तेव्हा मालवणात नर्स होते. शेवंतीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं आणि ती टेबलावर किंचाळत होती.

"हातपाय धरा तिचे!" डॉक्टर ओरडले.

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. तिचा बाप रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; तिचा दोर जो ओढेल, त्याला माशांचा वाटा मिळतो. मी बँडेजचं एक टोक टेबलाला बांधलं, दुसरं तिच्या हातात दिलं. "शेवंती, रापण इली, ओढ गो!" डॉक्टरांनाही ओढायला लावलं. ओढता ओढता इथरचा मास्क लागला आणि पोर झोपली.

शुद्धीवर येताच विचारते, "माझो वाटो खंय?"

डॉक्टर हसले. "अर्ध्यावर झोपलीस, आता कसला वाटा?"

"माका निजवल्यान कोणी?"

संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः बाजारातून बांगडे आणून तिच्या आईच्या हातात ठेवले.