खड्डा सापडेपर्यंत

नंबिराजन: पत्राचं काढू नकोस, पेच्चि. उत्तर देणार आहे मी.

पेच्चियम्माळ: कधी? कार्तिकातला पाऊस सरला तेव्हा आलेलं पत्र, आता चित्रै महिन्याचं ऊन डोक्यावर आलं. अक्का म्हणते, उशीखाली घेऊन झोपता.

नंबिराजन: तुझी अक्का सगळ्या गावाला सांगत सुटते.

पेच्चियम्माळ: गावाला कशाला, पाठच्या बहिणीला सांगितलं. आणि मेहुणी विचारणार नाही तर कोण विचारणार, भावोजी? साखरेच्या आजारानं अरुळदास सरांचा पाय कापावा लागला. तिकडे तिरुनेलवेलीत खाटेवर पडून त्यांनी मागितलं तरी काय तुमच्याकडे? जमीन मागितली?

नंबिराजन: आपल्या गावचा रस्ता पावसानंतर कसा राहिला आहे, ते स्वतः चालून बघ आणि कळव. एवढंच.

पेच्चियम्माळ: मग चालता की रोज सकाळी. मान खाली घालून, कोंबडी दाणे शोधते तसे. आमच्या प्लास्टिक दळायच्या शेडमधल्या बायका म्हणतात, सरांचं काहीतरी हरवलंय.

नंबिराजन: खड्डा शोधतो.

पेच्चियम्माळ: काय शोधता?

नंबिराजन: खड्डा. एक तरी सापडला की लगेच लिहीन. ‘अरुळदास, तुझ्या प्लास्टिकच्या रस्त्याला खड्डा पडला.’ त्यानंतर तब्येतीची सांगोपांग चौकशी, सगळं प्रेमानं.

पेच्चियम्माळ: आणि सापडत नाही.

नंबिराजन: पाण्याच्या टाकीजवळ एक आहे.

पेच्चियम्माळ: तो नळवाल्यांनी खणलाय.

नंबिराजन: कोणी खणला ते लिहायलाच हवं असं नाही.

पेच्चियम्माळ: शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळायचात ना तुम्ही? बरं, काखेत ती गुंडाळी कसली?

नंबिराजन: प्लास्टिक. तुमच्या यंत्रासाठी आणलं. दुधाच्या पिशव्या घेता, मिठाईचे कागद घेता, तसं हेही घ्या. बारीक करा आणि बाजारात रस्त्याचा नवा पट्टा होतोय, त्यात घालायला पाठवा.

पेच्चियम्माळ: उलगडा बघू. अय्यो, हे तर अरुळदास सर! चौकातला सत्काराचा फ्लेक्स काढून आणलात?

नंबिराजन: सत्कार होऊन गेला. कोणीतरी काढायलाच हवा होता.

पेच्चियम्माळ: कान टोचल्याचे, लग्नाचे, मेल्याचेसुद्धा फ्लेक्स या गावात वर्ष वर्ष लोंबतात. तुम्हाला बरा हाच दिसला.

नंबिराजन: न दिसायला काय झालं? एवढं हत्तीसारखं तोंड आणि खाली ‘प्लास्टिक रस्त्याचे जनक’. चहाला बसलं की बरोबर समोर. परवा चहावाला मला म्हणतो, ‘सर, तुम्ही यांचे दोस्त ना?’ जन्मभर इथल्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, आणि शेवटी ओळख काय उरली? यांचा दोस्त.

पेच्चियम्माळ: म्हणून त्यांच्या तोंडावरनं लॉऱ्या न्यायच्या.

नंबिराजन: लॉऱ्या, बैलगाड्या, शेळ्या. जे जाईल ते.

पेच्चियम्माळ: नाही घेणार मी.

नंबिराजन: का?

पेच्चियम्माळ: फ्लेक्स आम्ही घेत नाही. तापल्या खडीवर पडला की विखारी धूर सुटतो. हा नियम कोणी घातला?

नंबिराजन: असेल कोणीतरी.

पेच्चियम्माळ: नाव सांगा.

नंबिराजन: मी.

पेच्चियम्माळ: नुसता घातला नाहीत. मारियम्मन देवीसमोर कापूर पेटवून, तो हातानं विझवून शपथ घ्यायला लावलीत एकेकीला. आम्ही म्हटलं, सर पुस्तकातले, पण शपथ आमची देतात, म्हणजे गोष्ट मोठी असणार. आणि आज तुम्हीच? खडी तापवायच्या भट्टीपाशी माझी सून उभी असते, भावोजी. तोंडाला नुसता पदर.

नंबिराजन: विसरलो. खरंच विसरलो, पेच्चि. त्याचं तोंड बघितलं की मला दुसरं काही आठवत नाही.

पेच्चियम्माळ: बसा इथे पोत्यावर. आता एक खरं सांगा. त्यांनी तुमचं काही चोरलं का?

नंबिराजन: तसं असतं तर झोप तरी लागली असती. शाळेच्या प्रयोगशाळेत दोघं मिळून खटपट करायचो. मी प्लास्टिक डांबरात घालायचो. ते वर तरंगायचं, त्याचा गोळा व्हायचा. तुझ्या अक्काचं इडलीचं भांडं त्यातच गेलं.

पेच्चियम्माळ: त्या भांड्याचं नाव काढलं की अजून तोंड फिरवते ती.

नंबिराजन: एक दिवस तो म्हणाला, डांबर राहू दे बाजूला, आधी तापल्या खडीवर टाकून बघू. टाकलं, आणि खडीवर दुधावर धरते तशी साय धरली. वरून डांबर घातलं ते असं चिकटलं की सुटेना. एवढी साधी गोष्ट. सगळी पुस्तकं वाचली होती मी, आणि सुचलं त्याला. मी टाळ्या वाजवल्या. आतून काय होत होतं ते माझं मला ठाऊक.

पेच्चियम्माळ: आणि फ्लेक्सचं?

नंबिराजन: ते मला कळलं. खोकून खोकून कळलं. पण ‘हे घालू नका’ म्हणणाऱ्याचा कोणी सत्कार करत नाही.

पेच्चियम्माळ: कसा करणार? शेडमध्ये कुणाला खोकला नाही, त्याचा फ्लेक्स कसा लावायचा?

नंबिराजन: समजूत घालतेस माझी.

पेच्चियम्माळ: मला काय पडलंय! मी आपलं विचारते, रस्ते खात्यात एवढे इंजिनिअर असताना त्यांनी तुम्हालाच का विचारलं?

नंबिराजन: इंजिनिअर त्याला बरं वाटेल ते लिहितील. मी खरं लिहीन, असं त्याला वाटतं.

पेच्चियम्माळ: मग चांगलंच आहे की.

नंबिराजन: तेच तर जळतं. रस्ता त्याचा, नाव त्याचं, आणि वर माझ्यावर विश्वास ठेवण्याचा मोठेपणाही त्याचाच.

पेच्चियम्माळ: पोस्टकार्ड आहे का घरी?

नंबिराजन: खिशात आहे. रोज असतं.

पेच्चियम्माळ: मग काढा, आणि लिहा इथेच. फ्लेक्स राहू दे, शेळ्यांच्या छपरावर टाकते. उलटा टाकते, म्हणजे येता-जाता तुम्हाला दिसायला नको.

(थोड्या वेळानं, पोस्टाच्या पेटीपाशी.)

पेच्चियम्माळ: वाचा बघू काय लिहिलंत.

नंबिराजन: ‘प्रिय अरुळदास, रस्ता चालून पाहिला. नळवाल्यांनी खणलेला सोडला तर एकही खड्डा नाही. मी पुष्कळ शोधला.’

पेच्चियम्माळ: शोधला, असं लिहिलंत? सगळं कळेल त्यांना.

नंबिराजन: कळू दे.

पेच्चियम्माळ: आणि पायाची चौकशी?

नंबिराजन: केली आहे. त्याच्याखाली लिहिलं, ‘ऊन आणखी तापलं की डांबर पाघळतं. तेव्हा पुन्हा बघून कळवतो.’

पेच्चियम्माळ: म्हणजे अजून आशा आहे.

नंबिराजन: थोडी.

पेच्चियम्माळ: टाका आता.

नंबिराजन: टाकलं.

पेच्चियम्माळ: मग हात अजून पेटीत का?

नंबिराजन: पडलं का ते बघतोय.