हुकमाची वाट

(सांगलीजवळचं गाव, १९४९. पेन्शनर सुभेदार हंबीरराव, त्यांची पत्नी शालूबाई, आणि मुलगा आकाराम याचा वर्गमित्र जिनदत्त.)

जिनदत्त: परवा सकाळी साडेसातला लष्कराच्या निवडीचे नंबर पुकारले, काका. बत्तीस पोरांतून तिघांचे. आकारामचा नव्हता.

हंबीरराव: कारकुनाची चूक असंल. पुन्ना इचारलं का?

जिनदत्त: त्यानं नाही. मी विचारलं. यादी बरोबर होती.

हंबीरराव: पळण्यात मागं पडला?

जिनदत्त: पहिला आला. दोरावर चढण्यातही.

शालूबाई: मग रं?

हंबीरराव: तुझा नंबर?

जिनदत्त: पुकारला. डॉक्टरी तपासणी बाकी आहे.

हंबीरराव: हळदीच्या पेठंतल्या व्यापाऱ्याचा पोरगा तू. बंदूक कुठल्या टोकानं उडती, ठावं हाय का?

जिनदत्त: नाही, काका.

शालूबाई: आवं, पोराला बसू तरी द्या.

जिनदत्त: बसतो, काकी. तिथं आम्हा आठ जणांना दोन पिंपं, एक फळी आणि दोर दिला. नाला ओलांडा म्हणाले. पुढारी कुणालाच नेमलं नाही. आकाराम सावधान उभा राहिला.

हंबीरराव: ऱ्हाणारच. हुकूम कुणाचा हुता?

जिनदत्त: कुणाचाच नव्हता. कोण पुढं होतो, तेच बघत होते. मी फळी लावली, ती घसरली. दोघं पडले. मग दुसऱ्या बाजूनं लावली.

हंबीरराव: दोघं पाडलंस, आन तुला घेतला.

जिनदत्त: हो.

शालूबाई: मुलाखतीत तरी बोलला का त्यो?

जिनदत्त: साहेबांनी विचारलं, तुकडी वेढ्यात सापडली तर तू काय करशील? तो म्हणाला, साहेब सांगतील तसं.

हंबीरराव: बरोबर सांगितलं.

जिनदत्त: साहेब म्हणाले, समज, साहेब तूच आहेस.

हंबीरराव: मग?

जिनदत्त: गप्प उभा राहिला. साहेबांनी जा म्हणेपर्यंत.

शालूबाई: तुमी सा म्हैनं रोज पहाटं अंगणात उभा करत हुतासा त्येला. हुकमाबिगर पापणी हलवायची न्हाई, म्हणून.

हंबीरराव: सव्वीस वर्सं मी त्येच्यावरच जित्ता ऱ्हायलो.

शालूबाई: तुमी शिपाई म्हणून भरती झालासा. त्यो साहेब व्हायला गेलता. जिनदत्ता, कुठं हाय त्यो?

जिनदत्त: मिरजेला आम्ही उतरलो. त्यानं पुढं साताऱ्याचं तिकीट काढलं.

शालूबाई: साताऱ्यात आपलं कोण हाय?

जिनदत्त: कुणी नाही, काकी. तिथलं शिपाईभरतीचं ऑफिस किती वाजता उघडतं, एवढंच विचारलं त्यानं. मला माहीत नव्हतं.

शालूबाई: जेवला हुता का?

जिनदत्त: तुमच्या दशम्या होत्या. मला अर्धी दिली.

हंबीरराव: आठला.

शालूबाई: काय?

हंबीरराव: आठला उघडतं. रांग सातलाच लागती.