सातवी लाल पट्टी

हॅलो?… हां पायल, बोल… न्हाय न्हाय, ठेवू नकोस, मीच लावणार व्हते तुला… हळू बोलतीय कारण आतल्या खोलीत हाय, दार लोटून… अगं न्हाय, आप्पांना काय झालेलं न्हाय. म्हंजे झालंय. ऐक तर.

जेवणं?… कसली जेवणं! ताटं हितं आत वाढून ठेवलीत, शेंगापोळ्या गार झाल्या, आन सगळं घर पाहुण्यांसकट हॉलमधी गुडघ्यावर रांगतंय… व्हय, गुडघ्यावर! अमृत सोफ्याखाली शिरलाय, नुसते पाय दिसत्यात. सोनम केरातला कचरा ताटात घेऊन निवडतीय. आपले आप्पा मधी खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. पंच्याहत्तरावा वाढदिवस माणसाचा, आन पोटात घास न्हाय.

काय हरवलंय?… लाल पट्टी… अगं एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी… सोन्याची कशाला असंल? रिबिनीची!… हसू नकोस पायल. मला घाम फुटलाय हितं.

पहिल्यापासनं ऐक. सकाळच्या गाडीनं टेंभुर्णीवरनं आले. आप्पांसाठी पाय दाबायचं मशीन आणलेलं, तुला फोटो पाठवला न्हाय का, तेच. आप्पांनी खोकं बगितलं आन म्हणाले, "बरं हाय, ठेव तिकडं"… व्हय, एवढंच. उघडलं बी न्हाय. मग अमृतच्या बायकोनं, आपल्या सोनम वहिनीसाहेबांनी, टेबलावरचा टॉवेल काढला.

विमान… खेळणं न्हाय गं! तू सांगोल्यात डाळिंबं तोडत बसलीस, तुला काय म्हाईत! काचेची पेटी, म्युझियममधी असती तशी. आत वीतभर विमान, आप्पांच्या एअरफोर्सातलं. खरं विमान ह्याच्या बहात्तर पट मोठं म्हणे, सगळं त्या मापानं केलंय. सव्वाशे तुकडे चिमट्यानं जोडलेत बाईनी. पॉलिश पेपरची धावपट्टी, त्यावर पांढऱ्या रेघा. आइस्क्रीमच्या काड्यांची शिडी. वर दिवाळीच्या माळेतले दोन दिवे. आन विमानापाशी एक माणूस, नखाएवढा… पायलट न्हाय. कामाच्या कपड्यातला, एक हात पंखावर ठेवलेला. खाली पितळी पाटी, 'सार्जंट मानसिंग, एअरफ्रेम फिटर', म्हंजे आपले आप्पाच.

रडले, पायल… अगं आप्पा रडले! आपली आई गेली तवा डोळ्याला पाणी आलं न्हाय ते आप्पा! तिचा हात धरला आन म्हणाले, "पोरी, सगळं ध्यानात ठेवलंस." पोरी! मला कधी म्हणालेत व्हय पोरी? मला "अंकिता, पाणी आण". 

जळते. व्हय, जळते! मग?… बाप माझा हाय की! पंचेचाळीस वर्षं झाली मला त्यांची लेक होऊन. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझे वडील विमान चालवत्यात. चालवत न्हवते, नीट करायचे, हे मला लग्नानंतर कळलं. आन ही सहा वर्षांपूर्वी आलेली, हिला आप्पा रोज संध्याकाळी बसून सांगायचे. कुटला स्क्रू कुटं. कुटल्या पंखाला किती खिळे. मला बी बसवता आलं असतं, अंगणात मोकळ्या खुर्च्या असायच्या की; पण मी आले की मला एवढंच म्हणायचे, "गाडीला गर्दी व्हती का?"

काय?… तुला फोन केला व्हता सोनमनं?… कशाला?… आप्पांचा जुना फोटो?… आन तू धाडलास?… तीन महिन्यांपूर्वी! आन मला सांगितलं न्हाईस?… "गंमत करायची व्हती"! वा गं वा! म्हंजे तू बी त्यांच्यातलीच. मी एकटीच मशीन घेऊन आलेली येडी.

बरं, बरं… पट्टीचं सांगते. विमान जमिनीवर उभं असलं की त्याच्या चाकाला, सीटला, कुटं कुटं खिळी घालून ठेवायची, आपोआप काय हलू नये म्हणून. प्रत्येक खिळीला लाल पट्टी लटकवायची. उडायच्या आधी आप्पांनी सगळ्या काढायच्या, मोजायच्या, पायलटला वर धरून दाखवायच्या. सात म्हंजे सात… आता मला ठाऊक हाय, कारण सोनम पाहुण्यांना समजावून सांगत व्हती. माझ्या बापाचं काम मला तिच्याकडनं कळतंय.

तर आप्पांनी चष्मा लावला. काचेवरनं बोट फिरवत मोजायला लागले. एक, दोन, तीन… सहा. परत मोजलं. सहा. तोंडच बदललं त्यांचं. म्हणाले, "सातवी कुठाय?" सोनम म्हणाली, "लावली व्हती मामंजी." आप्पा म्हणाले, "मग जागचं कुणी हलायचं न्हाय. मिळाल्याबिगर जेवण न्हाय"… गंमत न्हाय गं! त्यांच्यात कायदाच व्हता तसा. एक जरी कमी आली तर विमान उडायचं न्हाय आन माणूस जेवायला जायचा न्हाय. एकदा म्हणे पाच तास सगळे उन्हात गवतात शोधत व्हते. आज तोच कायदा आपल्या शुक्रवार पेठेतल्या घरात लावलाय!

तेच म्हणतीय मी, शुगरची गोळी घेऊन बसलेत! अर्धा तास झाला. उपाशीपोटी शुगर खाली गेली म्हंजे? अमृत म्हणाला दोन घास खावा, तर म्हणाले, "आधी पट्टी."

सोनम?… रडतीय. म्हणती मीच सहा केल्या असतील मामंजी, माझंच चुकलं, तुमी जेवा. बघ की, त्यात बी तीच चांगली झाली!

…ऐक ना. कुणाला बोलू नकोस. शपथ घे.

…माझ्याकडं हाय.

…मोबाइलच्या कव्हरमधी. म्हंजे आत्ता माझ्या कानालाच लागून हाय… ओरडू नकोस! सकाळी आल्या आल्या पेटी दिसली, टॉवेल उचलून बगितलं. काच वरनं उघडती. बगत बगत काळजात असं काय भडकलं माझ्या… चिमटीत धरली आन ओढली. एकच. वाटलं, कुणाला दिसणार व्हतं? तिचं काम जरा तरी उणं राहू दे, एवढंच वाटलं. मला काय म्हाईत आप्पा मोजणार!

देऊन टाक कसं? काय सांगू? उडत आली आन कव्हरमधी शिरली?… सोफ्याखाली टाकावी म्हटलं, तर तितं अमृत झोपलाय आडवा… व्हय, कळतंय गं, गोळी घेतलीय, कळतंय मला… तू गप, तू फोटो धाडणारी!

…थांब. कुणीतरी येतंय.

…आप्पा? तुमी कशाला उठला?… काय न्हाय, पायल हाय फोनवर… शोधतीय की मी बी… हितं? हितं सहज आले.

…असं बगू नका, आप्पा.

पायल, ठेवू नकोस.

…माझ्याकडं हाय, आप्पा. थांबा, कव्हर काढते… ही. घ्या… व्हय, मीच काढली… न्हाय, चुकून न्हाय. मुद्दाम… का म्हंजे? राग आला म्हणून! तिला सगळं सांगितलं तुमी. पंख, चाकं, खिळ्या. मला सांगितलं व्हय कधी? एक अक्षर? मी काय परकी व्हते?

…काय?

…मी विचारलं न्हाय?

…

…न्हाय. खरं हाय. सुटीवर यायचा तवा येताना काय आणलं, एवढंच विचारायचे.

…हॅलो, हाय गं पायल, हाय. रडत न्हाय मी. गप… आप्पा, आधी हा पोळीचा तुकडा खावा, मग बाकीचं. खावा म्हणते ना… न्हाय, सोनमला हाक मारू नका. तिला मी सांगते माझं मी, पाया पडायला लागलं तरी पडते. पण पेटीत पट्टी मी लावणार, तुमचं खाऊन झालं की. बसा हितं. ही कुटली, चाकाची का सीटची?… सीटची? मग ती काढायला इसरलं तर काय व्हायचं?… बाप रे, पायलटला बाहेर उडी मारून सुटताच आलं नसतं!… आन तुमी कधी इसरला व्हता?

…काय गं पायल?… व्हय, सांगत्यात. लई सांगत्यात… काय म्हणाले ते तुला कशाला सांगू? तुझा बी बाप हाय, तुझं तू विचार की!

ठेवते.